त्या रडत होत्या आणि मला हसू आलं

रावेर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलंय. गावाचं नाव त्यांनी लिहिलेलं नाही आणि ते मला हवंही नाही. पत्रातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते:

«आमचं आणि चुलत दिरांचं घर समोरासमोर, मध्ये आठ पावलांची गल्ली. विरजणसुद्धा या घरातून त्या घरात जायचं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत माझे मिस्टर एका पॅनलमधून उभे राहिले आणि चुलत दीर दुसऱ्या. आमची कपबशी, त्यांची छत्री. ते निवडून आले. मिरवणूक आमच्या दारावरून गेली, गुलाल ओट्यावर पडला. तेव्हापासून बोलणं बंद. थोरल्या जाऊबाई दारात उभ्या राहून हसल्या की वाटतं आमच्यावरच हसताहेत. गप्प असल्या की वाटतं तोरा दाखवताहेत. यंदा पापड-बिबडे मी एकटीने केले. जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं आणि त्यांची कापणीला आलेली केळीची बाग आडवी झाली. आमची आडोशाला, म्हणून वाचली. बांधावर त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि मला हसू आलं. मी ठरवून हसले नाही हो. पदर तोंडावर घेतला, पण तेरा वर्षांच्या मुलीने पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, ‘मम्मी, मोठी मम्मी रडू राह्यली व्हती अन् तू हसली?’ मी तिच्यावरच ओरडले. तेव्हापासून झोप नाही. श्रावणात कानबाई (आपल्या खानदेशात घरोघरी बसणारी देवी) येईल, रोट (तिचा नैवेद्य) त्यांच्याच घरी आहेत. कोणत्या तोंडाने जाऊ? मी इतकी वाईट बाई आहे का?»

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, झोप त्यानेच उडवलीय. तुम्ही वाईट आहात की चांगल्या, याचा निकाल त्या हसण्यावरून लावू नका. ते हसू डोळ्याची पापणी लवायच्या आत आलं. तेवढ्यात माणूस काही ठरवू शकत नाही. पदर तोंडावर घेतलात ते मात्र तुम्ही ठरवून घेतलात. आधी या दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवा, मग पुढचं बोलू.

आपला चेहरा आपल्याला न विचारता हलतो, हे लोकांनी मोजून पाहिलेलं आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात उल्फ डिम्बर्ग यांनी माणसांच्या गालांवर आणि भुवयांवर बारीक इलेक्ट्रोड चिकटवले आणि समोर चेहऱ्यांची चित्रं धरली. हसरा चेहरा दिसला की बघणाऱ्याच्या गालाचा स्नायू किंचित ओढला जायचा, रागीट दिसला की भुवईचा. ही हालचाल इतकी बारीक की शेजारी बसलेल्यालाही दिसू नये. २००० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच चेहरे फक्त ३० मिलिसेकंद दाखवले आणि लगेच त्यांच्या जागी साधा, निर्विकार चेहरा ठेवला. आपण हसरा चेहरा पाहिला की रागीट, हे बघणाऱ्यांना कळलंही नाही. स्नायू तरीही हलले.

आता तुम्ही म्हणाल, मग जाऊबाईंना रडताना बघून माझेही डोळे भरायला हवे होते, हसू कसं आलं? तुमच्या सगळ्या पत्रात मला महत्त्वाची वाटलेली गाठ ही आहे.

दुसऱ्याचा चेहरा आपल्या चेहऱ्यावर उमटतो खरा, पण सगळ्यांचा सारखा उमटत नाही. समोरचा माणूस ‘आपला’ की ‘त्यांचा’, हे आधीच कुठेतरी बघितलं जातं. कॅनडात पॅट्रिक बुर्जुआ आणि उर्सुला हेस यांनी २००८ साली छापलेल्या अभ्यासात असं दिसलं, की हसू आपण परक्याचंही सहज उचलतो, दुःख मात्र आपल्या गटातल्या माणसाचंच उचलतो. मला हे वाचताना आपली गावं आठवली. लग्नाच्या मांडवात कोणीही हसलं की आपण हसतो, त्याला सोयरीक लागत नाही. मयत झालेल्या घरी दारावर बसायला जायचं असेल तर मात्र आधी नातं बघतो, बोलणं चालू आहे की बंद ते बघतो.

त्याच वर्षी मॅक्स वाइसबुख आणि नलिनी अंबाडी यांनी याहून कडू गोष्ट मांडली. नलिनी अंबाडी आपल्या देशातल्या, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला प्राध्यापक झाल्या, २०१३ साली गेल्या. त्यांनी दाखवलं की समोर दुसऱ्या गटातला माणूस असेल तर गणित उलटं फिरतं. त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली की आपल्या आत काहीतरी सुखावतं आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला की आत काहीतरी आंबतं. कोणी सांगितलेलं नसतं आणि स्वतःशी कबूलही केलेलं नसतं. तुमच्या पत्रातली दोन्ही वाक्यं यात बसतात. त्या हसल्या की तुम्हाला बोचतं, आणि त्या रडल्या तेव्हा तुमच्या ओठांवर हसू आलं.

पण त्या तुम्हाला ‘दुसऱ्या’ झाल्या कधी? वर्षापूर्वी विरजण एक होतं, कूळ एक, कानबाई एक. मध्ये काय आलं, तर मतदानयंत्रावरची दोन चित्रं.

हे मी हलक्यात घेत नाही. हेन्री ताजफेल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, पोलंडमधले ज्यू, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहून वाचलेले. माणसं ‘आपण’ आणि ‘ते’ करायला किती कमी कारण पुरतं, हे त्यांना शोधायचं होतं. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, एक क्ले आणि एक कँडिन्स्की, आणि सांगितलं की तुमच्या आवडीप्रमाणे तुमचे दोन गट केले आहेत. खरं तर वाटणी नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. मग प्रत्येकाने इतर मुलांना थोडे थोडे पैसे वाटायचे. स्वतःला काही मिळणार नव्हतं. कोण कोणाच्या गटात आहे याचे चेहरेही माहीत नव्हते. तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आणि मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण ‘त्यां’च्यापेक्षा आपले जास्त असले पाहिजेत, असाही कल अनेकांचा दिसला. १९७१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

ताई, त्या मुलांना एका दुपारीत आणि न बघितलेल्या चित्रकारांवरून हे झालं. तुमच्याकडे तर कपबशी-छत्रीचा प्रचार महिनाभर चालला असेल, घरात रात्री दोनपर्यंत बैठका झाल्या असतील, चहाची पातेली तुम्हीच उतरवली असतील, कोणाचं मत फुटलं याच्या याद्या जेवताना वाचल्या गेल्या असतील. आणि वर हार. तुमच्या चेहऱ्याने ती रेघ उचलली यात मला नवल वाटत नाही.

आता दुसरी गोष्ट, जाऊबाईंच्या चेहऱ्याची. त्या हसल्या की आमच्यावर हसतात, गप्प बसल्या की तोरा, असं तुम्ही लिहिलंय. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण मला वाटतं तुमचं भांडण जाऊबाईंशी जेवढं आहे, तेवढंच तुम्ही त्यांच्या चेहऱ्यावर वाचलेल्या मजकुराशी आहे.

अमेरिकेत कर्ट ह्यूगेनबर्ग आणि गॅलन बोडेनहाउसेन यांनी २००३ साली गोऱ्या लोकांना छोट्या चित्रफिती दाखवल्या. चेहरा रागीट असतो, हळूहळू राग ओसरतो आणि चेहरा निवळतो. राग कधी संपला ते बघणाऱ्याने सांगायचं. ज्यांच्या मनात काळ्या लोकांबद्दल आतून अढी जास्त होती, त्यांना काळ्या चेहऱ्यावरचा राग जास्त वेळ दिसत राहिला. चेहरे दोन्ही वर्णांचे सारखेच बनवलेले होते. राग निघून गेला होता, यांच्या डोळ्यांत मात्र तो बसून राहिला.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. नवीन लग्न झालेलं, आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. भुसावळ तुम्हाला माहीतच आहे, एका चाळीत पाच प्रांतांची माणसं. शेजारी एक तेलुगू बोलणाऱ्या बाई होत्या. मी हसले की त्या ओठ घट्ट मिटून मान वळवायच्या. सहा महिने मी ठरवून टाकलं होतं की या बाईला गर्व आहे, आपण गावाकडच्या म्हणून ही आपल्याला मोजत नाही. माहेरी पत्रातसुद्धा तसं लिहिलं. एका उन्हाळ्यात रात्री लाइट गेली, सगळ्या बायका पायऱ्यांवर येऊन बसल्या. कोणीतरी काहीतरी बोललं आणि अंधारात त्या खळखळून हसल्या. मी इतकं मोकळं हसू त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकत होते. तेवढ्यात लाइट आली आणि त्यांनी झटकन हात तोंडावर नेला. समोरचा एक दात अर्धा तुटलेला होता. सहा महिने मी ज्याला गर्व म्हणत होते, तो एका तुटक्या दाताचा संकोच होता. पुढे आम्ही अकरा वर्षं शेजारी राहिलो. त्यांच्या हातची चिंचेची चटणी मी अजून तशीच करते.

त्यांचा चेहरा पहिल्या दिवशी होता तसाच शेवटपर्यंत होता. ओठ मिटणं तेच, मान वळवणं तेच. मला त्याचा अर्थ नंतर लागला, कारण मी त्यांच्याजवळ बसायला लागले.

तुमच्या जाऊबाई गप्प उभ्या असतात तेव्हा कदाचित त्यांनाही वाटत असेल, समोरची बोलेल का. कदाचित नवऱ्याच्या निवडणुकीत झालेला खर्च डोक्यात असेल. कदाचित गुडघा दुखत असेल. मी त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून यातलं काही छातीठोक सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका. आणि हेही लिहून ठेवते की सगळंच तुमच्या मनाचे खेळ नाहीत. गुलाल तुमच्या ओट्यावर खरोखर पडला. कोणीतरी तो हसत हसत उधळला. ते तुम्हाला लागलं ते योग्यच लागलं. पण गुलाल उधळणारे हात कोणाचे होते ते आठवा. तुमच्या पत्रात जाऊबाई त्या मिरवणुकीत कुठेही नाहीत. मी पत्र दोनदा वाचून बघितलं.

आता तुम्हाला बरं वाटणार नाही असंही थोडं बोलते. ते हसू तुम्ही ठरवून आणलं नाही हे खरं, पण म्हणून ते तसंच पोसायचंही नाही. मिना सिकारा आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अमेरिकेतल्या दोन कट्टर बेसबॉल संघांच्या चाहत्यांचा मेंदू, खेळ बघत असताना, यंत्राने तपासला. समोरचा संघ चुकला की यांच्या मेंदूतला बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा भाग जागा व्हायचा. आपला संघ त्या सामन्यात नसला तरीसुद्धा. आणि ज्यांच्यात हे जास्त दिसलं, त्यांनीच पुढे कबूल केलं की समोरच्या संघाच्या चाहत्याला त्रास द्यायला, शिवीगाळ करायला, प्रसंगी मारायलाही आपण तयार होऊ. तुम्ही त्या वाटेवर आहात असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत, पारावर ‘बरं झालं, जिरली’ असं कोणी म्हणालं असेल, तर त्या बोलण्यात बसू नका. आपसूक आलेलं हसू विरून जातं. चारचौघांत टाळी मिळाली की ते मुक्कामाला राहतं.

आता काय करायचं ते.

पहिलं काम मुलीचं, आणि ते आज रात्री. तुम्ही तिच्यावर ओरडलात, कारण तिने खरं पाहिलं होतं. तिला जवळ घेऊन सांगा, की हो, मला हसू आलं, मला त्याची लाज वाटली आणि तुझ्यावर ओरडले ते चुकलं. एवढंच. भाषण नको. तेरा वर्षांच्या मुलीला चेहरे फार नीट दिसतात. तिने जे पाहिलं ते पाहिलंच नाही असं आपण तिला पटवू लागलो, तर ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडेल, नाहीतर आपल्यावर. आणि एक लक्षात घ्या, ती त्यांना अजून मोठी मम्मीच म्हणते. तुमच्या घरात ती रेघ अजून सगळ्यांच्या आतून गेलेली नाही.

दुसरं, त्या हसण्याची कबुली जाऊबाईंना द्यायला जाऊ नका. तुम्हाला हलकं वाटेल आणि त्यांच्या डोक्यावर एक दगड जास्त होईल. आडव्या झालेल्या बागेसमोर उभ्या असलेल्या बाईला तो कशाला?

तिसरं, कानबाईची वाट बघू नका, त्याआधी एकदा जा. सणाच्या दिवशी पंचवीस माणसं असतात, सगळ्यांच्या नजरा तुम्हा दोघींवर असतील आणि दोघींचे चेहरे ताठ होतील. एखाद्या संध्याकाळी, पुरुषमाणसं बाहेर असताना जा. ‘कश्या आहात’ असं मोघम विचारू नका, त्याला ‘बरी आहे’ यापलीकडे उत्तर नसतं. बागेचं विचारा. पंचनामा झाला का, किती खोडं गेली, विम्याचे कागद कोणी भरले. तुमच्याकडे ट्रॅक्टर किंवा दोन हात रिकामे असतील तर पडलेली खोडं बाहेर काढायला लागतील का, ते विचारा. केळीवाल्याच्या घरात या प्रश्नांना खरं उत्तर मिळतं. आणि माणूस आपल्या बागेबद्दल बोलायला लागलं की चेहराही खरा होतो.

त्या बोलत असताना त्यांच्या चेहऱ्याचा अर्थ लावायची घाई करू नका. चेहरा कळला नाही तर तोंडाने विचारा. ‘माझा राग आलाय का?’ हा प्रश्न जड वाटतो, पण तुम्ही तो मनातल्या मनात रोज दहा वेळा विचारताय आणि स्वतःच उत्तर देताय. एकदा त्यांना उत्तर देऊ द्या. राग आहे असं म्हणाल्या तर ऐकून घ्या. गुलालाचं तुमच्या मनात आहे, तेही त्यांनी ऐकलं तर बरंच, पण पहिल्याच दिवशी नको.

यजमानांना आत्ता पॅनल सोडायला सांगू नका, त्यांना दिरांशी बोलतंही करायला जाऊ नका. त्यांचं राजकारण त्यांच्या गतीने निवळेल किंवा निवळणार नाही. तुमचं दोघींचं नातं त्यावर टांगून ठेवायची गरज नाही.

हे सगळं मी नुसत्या भाबडेपणाने सांगत नाहीये. नलिनी अंबाडी आणि हिलरी एल्फेनबाइन यांनी २००२ साली जगभरातले बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसाला आपल्या गटातल्या माणसांच्या भावना जास्त अचूक ओळखता येतात, हे त्यात दिसलं. पण ज्या गटांचा एकमेकांशी संबंध जास्त, म्हणजे एका देशात राहणं, जवळ राहणं, अगदी एकमेकांना फोन करणं, त्यांच्यात हा फरक कमी होता. भुसावळच्या पायऱ्यांवर बसून मी जे शिकले, तेच त्यांना आकडेमोडीत सापडलं.

आणि आपल्याकडे तर यासाठी वेगळा खटाटोपही नको. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढायचे, त्यात कपबशीवाल्याची मूठ आणि छत्रीवाल्याची मूठ वेगळी दळत नाहीत. रोट भाऊबंदकीतच संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. म्हणजे त्या दिवशी ‘आतलं’ कोण, हे कानबाई ठरवते, मतदानयंत्र नाही. कणीक मळताना, पुरण वाटताना, चुलीजवळ दोघींना एकाच धुराने डोळे चोळावे लागतील. तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी कशाचं, हे कोणी विचारणार नाही.

तुम्ही विचारलंय, कोणत्या तोंडाने जाऊ. आहे त्याच तोंडाने जा. पहिल्या क्षणी त्यावर काय उमटेल ते तुमच्या हातात नाही. आतून जुनं काहीतरी चुकचुकेल, ओठ ताठ होतील, त्यांचेही होतील. तेवढ्याने परत फिरू नका. उंबऱ्यातून आत जाऊन पाटावर बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तो क्षण निघून जातो.

रोटाचं दळण कधी काढायचं, हे विचारायचं निमित्त चांगलं आहे. फोनवर विचारू नका, गल्ली आठ पावलांची आहे. आणि जाताना मुलीला सोबत न्या.